मुलांसोबत आइस क्लाइंबिंग: पोंट्रेझिना की कोन्ये? (आणि बरोबर सासू-सासरे)

शुक्रतारा

नमस्कार मंडळी,

आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो. फेब्रुवारीत फाशिंगच्या (इथल्या कार्निव्हलच्या) सुट्टीत आल्प्समध्ये जायचं घाटतंय. ह्यावेळी सासू-सासरे नाशिकहून येतायत, त्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत म्हणून एकदाच काय ते पंचतारांकित हॉटेल बघू असं नवऱ्याने जाहीर केलंय (शब्द मागे घ्यायच्या आत बुकिंग करून टाकायचंय).

पण आमच्यात स्की कोणीच धड करत नाही. नवऱ्याचा गुडघा, माझी भीती. लेक १३ ची आहे, ती इथल्या हॉलमध्ये क्लाइंबिंग करते आणि गोठलेल्या धबधब्यावर चढणाऱ्यांचे व्हिडिओ बघितल्यापासून तिने तेच डोक्यात घेतलंय. धाकटा ९ चा, ताई करेल ते त्याला करायचंच असतं. शोधाशोध केल्यावर स्वित्झर्लंडमधलं पोंट्रेझिना आणि इटलीतलं कोन्ये अशी दोन नावं सारखी समोर येतायत. कोणी मुलांना घेऊन केलंय का हे? ९ वर्षांच्या मुलाला जमतं का? हॉटेलचं पॅकेज घ्यावं की गाइड आपणच ठरवावा? आणि आई-बाबा शाकाहारी आहेत, तेही बघायचंय.

---

लेमनचं_पाणी

दोन्हीकडे गेलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोन्ये म्हणजे आओस्ता खोऱ्यातून वर फुटलेलं एक छोटं खोरं, गाव १५३४ मीटरवर, ग्रान पारादिसो नॅशनल पार्कच्या अगदी उंबऱ्यावर. (हे पार्क १९२२ चं, इटलीतलं पहिलं.) गोठलेल्या धबधब्यांसाठी सगळ्या युरोपातून लोक इथे येतात, डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत गावातल्या प्रत्येक बारमध्ये कोपऱ्यात आइस अॅक्स (बर्फात रोवायच्या कुऱ्हाडी) टेकवून ठेवलेल्या दिसतील. लिलाझचा धबधबा बहुतेकांना माहीत असतो, तीन टप्प्यांत मिळून साधारण दीडशे मीटर. लिलाझ वस्तीपासून चालत थोडंच अंतर. गाइड नवख्यांना तिथल्या सोप्या भागात दोर लावून देतात. पण दुसरं जे व्हालनोंतेचं खोरं आहे, जिथले फोटो तुमच्या लेकीने बहुतेक बघितले असणार, ते मोठ्या लोकांचं काम. तिथे धबधब्याच्या पायथ्याशी पोचायलाच बर्फातून बरीच तंगडतोड आणि वरच्या उतारांवरून हिमस्खलनाचा धोका. मुलांना घेऊन तिकडे चढायला जायचं नाही, नुसतं क्रॉस कंट्रीच्या ट्रॅकवरून लांबून बघायचं.

हॉटेल म्हणाल तर तिथलं बेलव्ह्यू फार जुनं, १९२५ पासूनचं, समोर सांतोर्सोचं अख्खं मोकळं कुरण. आई-बाबा खिडकीत बसून दिवस काढतील असं.

आता पोंट्रेझिना. १८०० मीटरवर, सेंट मॉरिट्झच्या शेजारी पण तेवढा तामझाम नाही. तिथे गावातच एक घळ आहे, खाली ओढा, दोन्ही बाजूंना उभे कडे, आणि त्या कड्यांवर पाणी सोडून मुद्दाम बर्फ धरवलेला असतो. म्हणजे नुसत्या निसर्गाच्या भरवशावर नाही. पाच पंधरा मिनिटं चाललात की दोराखाली. माझं विचाराल तर ९ वर्षांच्या पोराबरोबर हा एकच मुद्दा बाकी सगळ्यावर भारी आहे. पोराला थंडी वाजली, शी-शू लागली, कंटाळा आला, की एक मोठं माणूस त्याला घेऊन सरळ हॉटेलात. कोन्येत गाडी काढा, पार्किंगपर्यंत चाला, हे सगळं आलं.

---

टवाळकी

धागा वाचनखूणेत साठवला. आम्ही अंबरनाथला फ्रीजर डिफ्रॉस्ट करतो तेव्हा हाच क्रीडाप्रकार असतो, हार्नेस तेवढा नसतो. हलके घ्या.

---

कडेलोट

शुक्रतारा, मी पुण्याचा, सह्याद्रीत चढाई करणारा, उत्तरकाशीच्या निम ह्या गिर्यारोहण संस्थेचा बेसिक आणि अॅडव्हान्स कोर्स केलेला, आणि सध्या कामानिमित्त झुरिकला. पोंट्रेझिनाच्या घळीत बऱ्याचदा जातो त्यामुळे दोन शब्द.

पहिलं म्हणजे घाबरू नका. नवख्यांना टॉप रोपवरच चढवतात, म्हणजे दोर वरून आलेला असतो, खाली गाइड बिले देत असतो (दोर ताणून धरत असतो), हात सुटला तर थोडंसं खाली येऊन लटकता. दोराच्या बाबतीत तुमच्या लेकीच्या हॉलपेक्षा काही वेगळं नाही. फरक हा की तिथे होल्ड शोधायचा असतो, इथे होल्ड स्वतः बनवायचा असतो. दोन हातात दोन छोट्या वाकड्या दांड्याच्या आइस अॅक्स, बुटांना क्रॅम्पॉन (धातूच्या दातांचे सांगाडे), आणि क्रॅम्पॉनच्या पुढच्या दोन दातांवर उभं राहायचं. टाचा खाली. हे टाचा खालीचं प्रकरण कोणालाच पहिल्यांदा जमत नाही, सगळे नर्तकीसारखे चवड्यावर चढतात आणि मग दात निसटतात आणि पोटऱ्या पेटतात.

अॅक्स मारताना ताकद लागत नाही. कोपरातून झोका आणि शेवटी मनगटाचा झटका, बस. नारळ फोडल्यासारखं हाणत बसलात तर दहा मिनिटांत दंड संपतात आणि बर्फाच्या ताटाएवढ्या चकत्या सुटून तोंडावर येतात ते वेगळंच. बसलेला घाव आवाजावरून कळतो, ठप्प असा भरीव आवाज आला की बसला, खणखण पोकळ आला की काढून दुसरीकडे. मागच्या मोसमात एक दहा-अकरा वर्षांची मुलगी माझ्या शेजारच्या दोरावर होती, ती प्रत्येक घावानंतर कान बर्फाकडे नेऊन ऐकायची आणि मग मान हलवून वर जायची, तिचा बाप मात्र खाली येऊन दंड चोळत बसलेला.

आता खरी अडचण सांगतो, जी कुठल्याच व्हिडिओत नसते. थंडी. चढणं दहा मिनिटं आणि उभं राहणं अर्धा तास, असा हा खेळ आहे. जानेवारी-फेब्रुवारीत घळीत ऊन जवळजवळ येतच नाही, बर्फ टिकतो तो त्यामुळेच. हात डोक्यावर, मूठ घट्ट, त्यामुळे बोटातलं रक्त ओसरतं. खाली आल्यावर ते परत फिरतं तेव्हा जी कळ येते तिला हे लोक हॉट एक्स (hot aches) म्हणतात. मोठी माणसं रडतात, खोटं नाही सांगत. पाच मिनिटांत जातं, इजा काही होत नाही, पण ९ वर्षांच्या पोराला आधी सांगून ठेवलं नसेल तर ते परत दोराला हात लावणार नाही. उपाय सोपे: हातमोज्यांच्या दोन जोड्या, चढताना पातळ, खाली उभं राहताना जाड, आणि चढताना जाडवाली जोडी जॅकेटच्या आत छातीशी. मध्येमध्ये हात खाली सोडून झटकायचे. थर्मासमध्ये गरम काहीतरी.

आणि म्हणून अर्धा दिवसच घ्या. पूर्ण दिवसाचा कोर्स मुलांसाठी नको.

---

शुक्रतारा

कडेलोट, लेमनचं_पाणी, खूप खूप धन्यवाद. लेक "टाचा खाली" म्हणत घरभर फिरतेय. एक शंका, बर्फ जितका थंड तितका चांगला ना? म्हणजे उणे पंधरा-वीस असेल तर सेफ?

---

कडेलोट

उलट. फार थंडीत बर्फ ठिसूळ होतो, काचेसारखा तडकतो. शून्याच्या थोडं खाली, उणे तीन ते सहा-सातच्या आसपास अॅक्स लोण्यात शिरते. आणि शून्याच्या वर बरेच तास गेले, किंवा ऊन थेट पडायला लागलं, की तिथून निघायचं. हे ठरवायला गाइड असतो, तुम्ही फक्त तो "आज नको" म्हणाला तर हुज्जत घालू नका.

अजून एक, खाली उभं राहायची जागा. चढणाऱ्याच्या सरळ रेषेत कोणीही उभं राहायचं नाही, फोटोसाठी तर अजिबात नाही. मुठीएवढा तुकडा वीस मीटरवरून आला तर हेल्मेट असूनही चेहरा फुटतो. वरून "आइस" अशी आरोळी आली की वर बघायचं नाही, मान खाली घालून भिंतीकडे सरकायचं. वर बघणं हीच पहिली प्रतिक्रिया असते सगळ्यांची, त्यामुळे मुलांकडून हॉटेलात पाचदा करून घ्या.

---

सदाशिवपेठी

क्षमस्व, पण हा हिशोब कोणीतरी मांडायलाच हवा. पंचतारांकित हॉटेल, तेही स्विसमध्ये, तेही सुट्टीत, सहा माणसं. ह्या पैशात अख्खं खानदान हिमाचलला जाऊन येईल. स्पितीत पण आता गोठलेले धबधबे चढतात, आपल्या देशात, आपल्या लोकांना रोजगार. लोकांना परदेशी शिक्का हवा असतो बाकी काही नाही.

---

कडेलोट

काका, स्पिती मलाही प्रिय आहे पण तुलना चुकतेय. काझा ३६०० मीटरच्या पुढे आहे, हिवाळ्यात कुंझुम बंद असतो त्यामुळे शिमला-किन्नौरकडूनच जायचं, नीट विरळ हवेची सवय करत गेलं तर रस्त्यातच दिवस जातात. रात्री उणे वीस-पंचवीस आणि नळाला पाणी नाही. मी जाईन, तुम्ही पण या. पण सत्तरीचे आजी-आजोबा आणि ९ वर्षांचं पोर घेऊन तिथे पहिल्यांदा अॅक्स धरायला कोणी जाऊ नये. पोंट्रेझिना त्याच्या निम्म्या उंचीवर आहे.

पैशाचं मात्र बरोबर बोललात. शुक्रतारा, घळ सगळ्यांची आहे, हॉटेलच्या ताऱ्यांप्रमाणे बर्फ बदलत नाही. पोंट्रेझिनात स्टेशनजवळ युथ हॉस्टेल आहे, तिथे उतरणारी कुटुंबं पण त्याच दोरावर असतात. तुमचं पन्नासाव्या वाढदिवसाचं निमित्त आहे म्हणून ठीक.

---

सदाशिवपेठी

लग्नाचा वाढदिवस आहे, पन्नासावा. नीट वाचा. बाकी सहमत.

---

बर्फी

मी लंडनहून. आम्ही हाफ टर्मला मुलांना घेऊन असाच प्रकार केलाय, त्यामुळे हॉटेल पॅकेज विरुद्ध थेट गाइड ह्यावर लिहिते कारण ह्यात आमचे पैसे गेलेत.

आम्ही गेलो होतो ते हॉटेल ह्या दोन्ही गावांतलं नव्हे, नाव लिहीत नाही. वेबसाइटवर मोठ्या अक्षरात कौटुंबिक बर्फारोहण अनुभव, सूर्यास्ताला हॉट चॉकलेट वगैरे. प्रत्यक्षात एक लोखंडी सांगाडा त्यावर पाणी मारून केलेला बर्फाचा मनोरा, एक दोर, दहा-बारा पाहुणे आणि एक बिचारा गाइड. प्रत्येकाच्या वाट्याला एक चढाई. बाकीचा वेळ रांगेत पाय आपटत. मुलगा वर पोचायच्या आत धाकटीचे ओठ निळे. मनोरे वाईट नसतात हां, फ्रान्समध्ये शांपान्यीला २४ मीटरचा आहे तो बघण्यासारखा आहे, आमची तक्रार गर्दीची होती. त्यामुळे बुकिंग करताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्या. एका गाइडमागे किती जण, दोर किती लागणार, आणि मुलांच्या मापाचे बूट-क्रॅम्पॉन आहेत का.

हे शेवटचं फार महत्त्वाचं. आइस क्लाइंबिंगचे बूट कडक तळव्याचे लागतात आणि ३५-३६ मापाच्या खाली ते मिळणं कठीण. तुमच्या लेकीला मिळतील, धाकट्याचं माप आत्ताच कळवून ठेवा. नाहीतर साध्या ट्रेकिंगच्या बुटाला पट्ट्याचे क्रॅम्पॉन बांधतात आणि ते पायावर हलत राहतात, त्यात पोराचं वजन कमी म्हणून दात बर्फात रुतत नाहीत, आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. अॅक्स पण साधारण अर्ध्या किलोच्या वर असते, छोट्या हाताला जडच.

आता विमा. आम्ही इथून ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबच्या यूके शाखेचे मेंबर होतो कारण त्यात पर्वतातल्या बचावकार्याचा खर्च २५,००० युरोपर्यंत येतो. जर्मनीत तुम्हाला डीएव्हीची (जर्मन अल्पाइन क्लबची) फॅमिली मेंबरशिप घेता येईल, त्यातही हे असतं. स्वित्झर्लंडला जाणार असाल तर रेगाची (तिथली हेलिकॉप्टरने बचाव करणारी संस्था) वर्गणी पण भरून टाका, अख्ख्या कुटुंबाची वर्षाची शंभर फ्रँकच्या आत आहे. ती विमा नाही, पण विम्याने हात वर केले तर हेलिकॉप्टरचं बिल माफ करू शकतात. आई-बाबांच्या शेंगेन व्हिसासाठी जो ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाल त्यात असले खेळ बहुतेक वगळलेलेच असतात, ते चढणार नाहीत त्यामुळे चालेल, पण घसरून पडणं त्यात येतं का ते बघा. बर्फात ज्येष्ठ मंडळी हॉटेलच्या दारातच पडतात.

---

शुक्रतारा

बर्फी, बुटाचं माप हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं, धाकट्याचं ३४ आहे. आजच मेल टाकते.

मन पोंट्रेझिनाकडे झुकतंय. क्रोनेनहोफ बघितलं, दर बघून नवरा दोन मिनिटं गप्प होता. मग म्हणाला मुक्काम कमी करू, हॉटेल तेच. गाइड आपणच सांगू आणि फक्त आमच्या चौघांसाठी घेऊ असं ठरतंय. आई-बाबांनी तोवर काय करायचं?

---

लेमनचं_पाणी

चार जणांत खासगी गाइड एकदम बरोबर. दिवसाचा दर सहाशे फ्रँकच्या पुढेच असतो, अर्ध्या दिवसाचा थोडा कमी, पण रांग नाही, आणि पोर कंटाळलं तर गाइड बेत बदलतो. गाइडच्या जॅकेटवर आंतरराष्ट्रीय पर्वत मार्गदर्शक संघटनेचा बिल्ला असतो तो बघा. क्लायंटला धबधब्यावर न्यायला तो हवाच.

आई-बाबांसाठी पोंट्रेझिनासारखी जागा नाही. रोझेग खोऱ्यात घोड्याची बग्गी जाते, गुडघ्यावर ब्लँकेट देतात. मुओटास मुरागलला १९०७ ची केबल रेल्वे आहे, वर २४५६ मीटर, वर बसून अख्खं एंगाडिन खोरं आणि गोठलेली तळी दिसतात. दियावोलेत्साच्या रोपवेने जवळजवळ ३००० मीटरवर जाता येतं, समोर पित्झ पालू आणि बेर्निना ही शिखरं, पण बाबांना बीपीबीपी असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि घळीपर्यंत तर ते चालत येऊन वरून नातवंडं बघू शकतात. चालायच्या वाटेवर बुटाला लावायच्या खिळ्यांच्या पट्ट्या मिळतात, त्या घ्या त्यांच्यासाठी.

---

मी_ठाणेकर

शाकाहाराचं मी सांगते, चुरला होते तीन वर्षं. पित्झोकेरी मागवा, कुट्टूच्या पिठात थोडं गव्हाचं पीठ घालून केलेल्या पट्ट्या, बटाटा, कोबी, भरपूर चीज. सासूबाईंना उपासाचं वाटेल, चीज सोडून. कापुन्स दिसायला अळूवडीच्या जवळचे पण आत बहुतेक वेळा वाळवलेलं मांस असतं, बार्लीच्या सूपमध्ये पण. र्‍योष्टीत पण बेकनचे तुकडे घालतात काही ठिकाणी. "शाकाहारी" एवढं सांगून भागत नाही, मांस नको, मासे नको, मांसाचं पाणी पण नको असं तोडून सांगा. एवढ्या मोठ्या हॉटेलात आधी कळवलं की शेफ वेगळं करतात, त्यासाठीच तर तेवढे पैसे. अक्रोडाची टार्ट मात्र डोळे झाकून खा.

आणि बरोबर लोणचं, मेतकूट न्याच. हे सांगायला नको.

---

टवाळकी

कोणी सॉनाबद्दल बोलत नाहीये म्हणून मीच बोलतो. तिकडच्या सॉनात कपडे घालून जात नाहीत. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, सासरे टॉवेल सावरत, समोर सून. पुढचं मी टंकत नाही.

---

मी_ठाणेकर

हसून हसून मेले 😂 पण खरंय ते. शुक्रतारा, पोहण्याच्या तलावात पोहायचे कपडे असतात, सॉनाच्या भागात नसतात आणि मुलांना बऱ्याच ठिकाणी तिथे प्रवेशच नाही. काही हॉटेलात कपड्यांसकटचा फॅमिली तास ठेवतात, तो विचारून घ्या. चढून आल्यावर मुलांना तलावातच सोडा, गार पडलेल्या बोटांना एकदम सॉना नको.

---

शुक्रतारा

बाबांना हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर ते घरच्या पंचासकट पोचतील.

बुकिंग झालं! गाइड दुपारच्या सत्राचे आहेत, त्यांनी धाकट्यासाठी छोटे बूट ठेवतो असं कळवलंय, आणि स्वतःहून म्हणाले की पहिल्या दिवशी मुलांनी नुसतं क्रॅम्पॉन घालून सपाट बर्फावर चालायचं, दोर दुसऱ्या दिवशी. शेवटचा प्रश्न: गाडीने यावं की ट्रेनने?

---

लेमनचं_पाणी

गाइड चांगला मिळालाय.

गाडीने आलात तर विंटर टायर आणि साखळ्या हव्यात, युलियर घाट २२८४ मीटरचा आहे, हिवाळ्यात उघडा ठेवतात पण बर्फ पडत असताना आई-बाबांना घेऊन नको. तेव्हा क्लोस्टर्सहून फेराइना बोगद्याची मोटाररेल आहे, गाडीसकट १९ किलोमीटर आतून पलीकडे.

मी तरी ट्रेन म्हणेन. झुरिक, मग चुर, मग आल्बुला घाटातली लाल गाडी, सामेडानला कधीकधी बदलावी लागते. आणि आई-बाबांना बेर्निना घाटावरून फिरवायचं असेल तर मोठ्या काचांच्या बेर्निना एक्सप्रेसला आरक्षण लागतं आणि त्याचे पैसे वेगळे. त्याच रुळावरून साधी लोकल पण जाते, आरक्षण नाही, आणि तिच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात त्यामुळे फोटोत काचेची चमक येत नाही. पोंट्रेझिनाहून चढताना उजवीकडे बसा, मोर्तेराचची हिमनदी त्या बाजूला आहे.